घट्ट आणि गच्च

इंदूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या विळ्याला उलटी धार लावत होत्या.

कोहमाऱ्याच्या चौकापासून थोडं पुढे, महामार्गाच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. एका अपघाताची बातमी घेऊन मी गोंदियाला परतत होतो. मोटारसायकलचं स्टँड तुटलं म्हणून तिथे थांबलो. दुकानासमोर ट्रक उभा होता, त्याच्या सावलीत काही माणसं जमली होती आणि मधोमध एक पन्नाशीची बाई उकिडवी बसून दगडावर विळा घासत होती. सलवारीवर पुरुषी शर्ट, कपाळावर सरकवलेला काळा चष्मा, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे जुने डाग.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ते बघवेना.

"अवो बाई, धार लावून राहिली का धार मोडून राहिली?"

"असंच लावते ना जी?"

"असंच म्हने! आण इकडं."

त्याने विळा हिसकावला आणि बसकण मारून धार लावायला सुरुवात केली. जमलेली माणसं हसत होती. बाई हसत नव्हती. धारेकडेही तिचं लक्ष नव्हतं. म्हाताऱ्याचा डावा अंगठा मुठीवर कुठे टेकतो, तिथे तिची नजर होती. काम झाल्यावर म्हाताऱ्याने विळा परत दिला, चार शब्द सुनावले आणि तो निघून गेला.

मी म्हणालो, "ताई, वेल्डिंगचं दुकान चालवता आणि धार लावता येत नाही?"

"येते," त्या म्हणाल्या. "माया बाप लोहाराले धार शिकवत होता."

पुढच्या हंगामात त्यांच्या दुकानातल्या विळ्यांच्या मुठीला अंगठ्याच्या जागी एक उथळ खोलगा आला. धानकापणीला ते विळे आसपासच्या गावांत गेले आणि बायकांनी ते मागून मागून नेले. खोलगा कोणी सुचवला असं विचारलं तर त्या म्हणत, "त्या बुढ्यानं. त्याले मालूम नाई."

इंदूताई धानाच्या कामाची अवजारं बनवतात: विळे, निंदणाची हातयंत्रं, राईस मिलसाठी पत्र्याची कामं, तलावातून पाणी सोडायच्या तोंडाची झाकणं. ट्रकचे फाळके जोडून दुकान चालतं, अवजारं त्यांच्या हौसेची. नवरा, गजाननभाऊ, पिकअप चालवतो आणि माल पोचवतो. दुकानात खर्रा खायला बंदी आहे. थुंकायचं तर महामार्ग ओलांडून पलीकडे जा, असा नियम आहे, आणि ट्रक ड्रायव्हरही तो पाळतात.

त्यांच्या कामाची पद्धत एकच होती. ज्याचं हत्यार बनवायचं, त्याच्यासमोर जाऊन ते काम चुकीचं करायचं.

"तुम्ही पेपरवाले विचारता," त्या मला एकदा म्हणाल्या. "विचारलं का मानूस म्हनते, बरं आहे जी, चांगलं आहे जी. हाताले जे ठाऊक असते ते तोंडाले ठाऊक नसते. पन डोऱ्यासमोर कोनी चुकलं का त्याचा हातच पुढं येते. अना त्यात बाई चुकली म्हंजे मंग काय, गाव गोळा होते."

"तुम्हाला वाईट नाही वाटत? लोक हसतात."

"कायले? जिल्ह्यात माया इतकं चांगलं कोनी चुकत नाई."

हे त्या गंभीरपणे म्हणाल्या. इंदूताईंना नम्र म्हणता येणार नाही.

दवनीवाड्याकडच्या बायकांसाठी त्यांनी धानातलं तण काढायचं हातयंत्र केलं होतं. लांब दांडा, खाली दातेरी चाक, वर धरायला आडवी मूठ. मुठीला त्यांनी स्वतः रबर चढवलं होतं. यंत्रं विकली गेली. कशी आहेत म्हणून विचारलं तर बायका "बेस आहे जी" म्हणाल्या. इंदूताईंना तेवढ्याने चैन पडली नाही. त्या बांधीत, धानाच्या चिखलात उतरल्या आणि आपणच बनवलेली मूठ आपणच दोन्ही हातांनी पकडून यंत्र ढकलू लागल्या. बांधावर बसलेल्या बायका खिदळल्या. कौतिकाबाई नावाची एक जण ओरडली, "अवो ताई, तिथं कायले धरतेस? चिखलाचा हात घसरते तिथं. खाली धर, दांड्याले!"

सगळ्या बायका दांड्यालाच धरत होत्या, ठरलेल्या मुठीच्या बऱ्याच खाली. मूठ नुसती मिरवायला होती. यंत्र तयार करणाऱ्या बाईला तिची मूठ वापरताना पाहून त्यांना पहिल्यांदाच जाणवलं की आपण ती वापरत नाही. इंदूताईंनी चिखलातूनच विचारलं, "मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलं कुठं? तू विचारलं यंत्र कसं आहे."

ती मूठ आता दुकानाच्या मागच्या भिंतीवर टांगलेली आहे. तिथे आणखीही बऱ्याच वस्तू लटकतात, सगळ्या फसलेल्या. गिऱ्हाइकं त्या भिंतीला शिव्यांची भिंत म्हणतात. इंदूताई काही लिहून ठेवत नाहीत. एकेक तुकडा बोटाने दाखवतात आणि कोणामुळे तो भिंतीवर आला ते सांगतात. हे कौतिकाबाईचं. हा पत्र्याचा कोपरा गोंदियाच्या राईस मिलमधल्या मिस्त्रीचा. त्या मिलमध्ये त्यांनी धान खाली उतरायला पत्र्याची घसरण करून दिली होती आणि ओलसर धान तिच्यात अडकत होतं. इंदूताई तिथे गेल्या आणि हातोडीने पत्र्यावर ठोकू लागल्या. छत्तीसगडचा मिस्त्री धावत आला. "अरे दीदी, मारो मत! ठोकोगे तो और जमेगा. ऐसे, नीचे से सहलाओ." त्याने तळहात पत्र्याच्या खालून फिरवला. हात एका कोपऱ्यावर येऊन थांबला. इंदूताईंनी तो कोपरा तिथल्या तिथे खडूने रंगवला आणि आठवड्याभरात गोल करून दिला. मिस्त्रीला अजून वाटतं की त्या दिवशी त्याने एका अडाणी बाईला हातोडी धरायला शिकवलं.

सडक अर्जुनीच्या बाजूच्या एका गावाचं प्रकरण मात्र असं सोपं नव्हतं.

त्या गावाचा तलाव जुना आहे. इंदूताईंच्या माहेरचे पूर्वज असेच तलाव बांधणारे. हे त्या स्वतःहून सांगत नसत, पण कोणी विसरलं तर आठवण करून देत. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटातून पाणी शेतांकडे सोडायचं जे तोंड असतं, त्याला इकडे तुडुम म्हणतात. पूर्वी ते लाकडी बुच्च्याने बंद होई आणि उघडबंद करायचं काम पाणकराचं असे. त्या गावाचे पाणकर दसरूबुवा. वय झालेलं, अंगाने काटकुळे, आवाज मात्र पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. गावकऱ्यांनी ठरवलं की म्हाताऱ्याने किती दिवस पाण्यात उतरायचं, तुडुमाला लोखंडी झाकण बसवू, पाळीवर चाक ठेवू, चाक फिरवलं की झाकण उचललं जाईल. काम इंदूताईंना मिळालं.

झाकण बसलं आणि थोडं झिरपू लागलं. तलाव समितीचे अध्यक्ष उद्धवभाऊ निरोप घेऊन आले. "ताई, गच्च नाई बसून राहिलं." इंदूताईंनी झाकण काढून नेलं, कडा घासल्या आणि आणखी नेमकं बसवलं. पुन्हा निरोप आला. पुन्हा त्यांनी ते आवळलं. पावसाळ्यात तलाव भरला, गाळ झाकणाच्या कडेत शिरला, गंज चढला. दसऱ्यानंतर उशिरा येणारं भारी धान निसवत असताना शेवटचं पाणी सोडायला चाक फिरवलं, तर झाकण अर्धं उचललं आणि तिथेच अडकलं. ते वरही जाईना, खालीही येईना. पाणी रात्रंदिवस वाहिलं. वाळूच्या पोत्यांनी तोंड बुजवेपर्यंत तलाव निम्मा रिकामा झाला आणि लांबच्या बांध्यांमधलं धान पाण्यावाचून वाळलं.

उद्धवभाऊ झाकण पिकअपमध्ये घालून परत घेऊन आले. बोलले मोजकंच. "पुढच्या साली तूच बसव, पन अडकलं तं आमी बाहेरून आनू. गावात आता तुया नावानं बोलून राहिले."

"काय बोलून राहिले?"

"तलाव बांधनाऱ्याची पोरगी, अना तुडुम अडकलं."

इंदूताईंनी ते झाकण भिंतीवर टांगलं नाही. दुकानाच्या दारात उभं केलं, रस्त्यावरून दिसेल असं. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलं. गजाननभाऊ म्हणाले, आत ठेव. त्या म्हणाल्या, "जवापर्यंत समजत नाई तवापर्यंत बाहेरच राहीन."

मग त्या दसरूबुवांकडे गेल्या. गावात तलावाशिवाय एक बोडी, म्हणजे छोटं तळंही आहे आणि तिचं तुडुम अजून जुन्या पद्धतीचं, बुच्च्याचं. त्या दिवशी मी गावात सरपंचाकडे आलो होतो आणि गलका ऐकून बोडीकडे गेलो. इंदूताई कंबरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. बुच्च्याला चिंधी गुंडाळून तो मोगरीने ठोकत होत्या. पाळीवर माणसं जमली होती आणि प्रत्येक जण काहीतरी शिकवत होता. दसरूबुवा काठी मांडीवर घेऊन बसले होते.

"बुवा, सांगा ना जी तिले," कोणी म्हणालं. "चुकून राहिली."

"चुकू द्या."

इंदूताई ठोकत राहिल्या. चिंधी वर आली, बुच्चा तिरपा झाला, लोक हसले. म्हातारा जागचा हलला नाही. शेवटी त्या थकून वर आल्या आणि ओल्या कपड्यांनी त्याच्या समोर बसल्या.

"बाई," दसरूबुवा म्हणाले, "चुकनारा हात घाबरते. तुया हात घाबरला नाई. मले ठगून राहिली का?"

त्यांची पद्धत अशी उघडी पाडणारा हा पहिला माणूस. इंदूताईंनी नाकारलं नाही.

"मंग सरळ सांगा जी. तुमी बंद करता तं थेंब गळत नाई, अना मी केलं तं अडकते. काऊन?"

"मले गच्च पायजे. तू घट्ट देऊन राहिली."

"ते एकच ना."

"एकच असते का?" म्हातारा उठला आणि काठी टेकत घरी गेला.

त्यानंतर बरेच दिवस इंदूताई भेटेल त्याला हा प्रश्न विचारत होत्या. ट्रक ड्रायव्हरला, धाब्यावरच्या आचाऱ्याला, शाळेच्या गुरुजींना. एक दिवस मला फोन आला.

"पेपरवाले, घट्ट अना गच्च यात काय फरक?"

"फारसा नाही," मी म्हणालो.

"मंग तुमचा पेपर कसा चालते?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढे जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. इंदूताई आणि दसरूबुवा, दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. दोघांचं सांगणं जुळतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दसरूबुवा मुलीच्या गावाहून परतताना कोहमाऱ्याला उतरले. एसटीला वेळ होता. पिशवीत पाण्याच्या माठाची तुटलेली तिवई होती. तिच्या दोन जाड पट्ट्या जोडून दे म्हणाले. इंदूताईंनी मशीन सुरू केलं. बुवांनी दोन्ही पट्ट्या चिमट्याने धरल्या आणि एकमेकींना घट्ट चिकटवून पुढे केल्या.

"तशा नाई जी," इंदूताई म्हणाल्या. "मधात फट ठेवा."

"कायले? चिकटल्या तं मजबूत होईन."

"नाई होत. चिकटवल्या तं वितळलेला रस वरच्यावर बसते, आत जात नाई. चार दिवसांत तडा जाते."

"म्हंजे फट पायजे."

"पायजेच. फट असली तवाच रस खाली उतरते, भरते अना मंग ते जोड..."

त्या थांबल्या. हातातली वेल्डिंगची कांडी तशीच राहिली.

"बोल ना," बुवा म्हणाले. "मंग ते जोड काय होते?"

"गच्च होते."

"मंग माया तुडुमले काऊन नाई देली फट?"

इंदूताईंनी आधी तिवई जोडून दिली, कारण एसटी येणार होती. मग दारातलं झाकण उचलून आत आणलं आणि बुवांना म्हणाल्या, "आजची गाडी सोडा जी."

बुवांनी गाडी सोडली. त्या दुपारी त्यांनी सगळं सांगितलं, आणि या वेळी इंदूताईंना एकदाही चुकावं लागलं नाही. बुच्चा तुडुमात कधीच नेमका बसत नाही, बसू द्यायचाही नाही. भोवती बोटभर जागा राहते. तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, चुरा, कोंडा आणि चिकणमाती कालवून त्याची मूठ तोंडाच्या वरच्या बाजूला पाण्यात सोडायची. झिरपणारं पाणीच ती ओढून नेतं आणि फटीत भरतं. पाणी स्वतःच स्वतःची वाट बुजवतं. उघडायच्या वेळी ते भरण सहज सुटतं, म्हणून बुच्चा अडकत नाही. घट्ट बसवलेल्या वस्तूभोवती गाळाला जागा नसते, मग तो धातूला धरतो.

उद्धवभाऊंनी "गच्च नाई बसून राहिलं" असा निरोप आणला होता. तो निरोप बरोबर होता. इंदूताईंनी तो ऐकलाही बरोबर. त्यांनी त्याचा अर्थ लोखंडाच्या भाषेत लावला आणि दोनदा झाकण आवळलं. गावाला फट भरलेली हवी होती.

नवं झाकण सैल झालं. कडेला चहूबाजूंनी फट, आणि आतल्या अंगाला वाकवलेला एक ओठ, कोंडा अडकून बसावा म्हणून. ओठ किती वाकवायचा हे बुवांनी आपल्या तळहाताची ओंजळ पत्र्यावर ठेवून दाखवलं. त्या ओंजळीची खूण असलेला पत्रा आता भिंतीवर आहे. जुनं झाकण त्यांनी वितळवलं नाही, भिंतीवरही नेलं नाही. त्याचं काय केलं ते मला माहीत नाही.

झाकण ज्येष्ठात बसलं, तलाव कोरडा असताना. खरी परीक्षा पुढे होती, तलाव भरल्यावर. आश्विनात पहिलं पाणी सोडून झालं आणि तुडुम बंद करायचा दिवस आला तेव्हा पाळीवर गाव जमलं होतं. काही जण इंदूताई पुन्हा कशा फसतात ते बघायला आले होते आणि तसं मोठ्याने बोलतही होते.

उद्धवभाऊंनी चाक फिरवलं. झाकण खाली बसलं. पाळीच्या पलीकडे, पाटाच्या तोंडाशी पाणी थांबलं नाही. चांगलंच वाहत होतं.

"ताई," उद्धवभाऊ म्हणाले, "हे तं मागच्या सालापेक्षा जास्त झिरपून राहिलं."

"झिरपनारच," इंदूताई म्हणाल्या. "फट ठेवली आहे."

"फट ठेवली? मुद्दाम?"

पाळीवर कुजबुज झाली. दसरूबुवांनी टोपली पुढे केली. त्यात कालवलेला कोंडा होता. सगळ्यांना वाटलं ते स्वतः उतरणार. ते म्हणाले, "इंदू, तूच टाक."

त्या पाण्यात उतरल्या. मूठ भरली, झाकणावर न टाकता त्याच्या वर हातभर अंतरावर पाण्यात धरली आणि बोटं हळूहळू उघडली. पाण्याने कोंडा खाली ओढून नेला. दुसरी मूठ. तिसरी. इंदूताई पाण्यात काही करत आहेत आणि पाळीवरून कोणी शिकवत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. दसरूबुवा पाटाच्या तोंडाशी कान लावून बसले. भळभळ होती तिथे झुळझुळ झाली, मग टपटप. मग काहीच नाही.

"बंद," बुवा म्हणाले.

उद्धवभाऊंना तेवढं पुरलं नाही. मागच्या वर्षीचं वाळलेलं धान त्यांचंच होतं. ते चाकाजवळ गेले आणि उघडायला दोन्ही हातांनी जोर लावला. झाकण इतकं सहज वर आलं की त्यांचा तोल गेला. पाणी धो धो पाटात पडलं. पाळीवरून हशा उठला आणि या वेळी तो इंदूताईंवर नव्हता.

"आता चाक कोनीबी फिरवन," कोणीतरी म्हणालं. "पाणकराचं काय काम?"

दसरूबुवांनी वळूनही पाहिलं नाही. "फिरवा ना. मुठी टाकाले या मंग माया दारात."

त्या वर्षी शेवटचं पाणी लांबच्या बांध्यांपर्यंत पोचलं. आजूबाजूच्या गावांतून झाकणं मागायला लोक कोहमाऱ्याला येऊ लागले. ‘झाकण’ मात्र कोणी म्हणत नसे. म्हणत, "ताई, आमाले ते गच्चवालं पायजे."

मी इंदूताईंना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या आश्विनात, त्याच पाळीवर. माझी बदली नागपूरला झाली होती आणि गोंदिया सोडण्याआधी मी त्या गावावरून गेलो. दसरूबुवांची नजर गेली होती. नातवाने त्यांना पाळीवर आणून बसवलं होतं, कारण तुडुम बंद करायच्या दिवशी ते घरी थांबायला तयार नव्हते. झाकण खाली आलं होतं, पाणी झिरपत होतं. इंदूताई टोपली घेऊन पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी पाळीवरच्या गर्दीकडे एकदा पाहिलं, मूठ भरली आणि तुडुमाच्या चांगलीच बाजूला, भलत्याच ठिकाणी, थप्पकन पाण्यात फेकली.

"अवो ताई, तिथं नाई!"

सगळी पाळ ओरडली. बाया, माणसं, वर्षभरापूर्वी त्यांची फजिती बघायला आलेले ते सगळे. "वरून सोड! हातभर वरून!" "फेकू नको, बोटं उघड!" उद्धवभाऊंना राहवलं नाही. ते धोतरासकट पाण्यात उतरले आणि त्यांनी टोपली इंदूताईंच्या हातातून ओढून घेतली. मूठ भरून, झाकणाच्या वर, हातभर अंतरावर, बरोबर सोडली. इंदूताई बाजूला सरल्या. त्यांची नजर उद्धवभाऊंच्या बोटांवर होती.

गलका दसरूबुवांच्या कानावर गेला.

"कोन चुकून राहिलं रे?"

"इंदूताई, बुवा."

म्हाताऱ्याने मान पाण्याच्या दिशेने वळवली. त्याला काही दिसत नव्हतं. तो हसत होता.

"चुकू द्या," तो म्हणाला.